रिकाम्या हातांनी परतलेला भाऊ : दया की देणे?



पोटासाठी परगावी गेलेला मनुष्य काम बुडाल्यामुळे घरी परत आला, तर त्याला भाकरी व जागा देणे ही आपली दया आहे, की त्याचे आपल्याकडे असलेले देणे आहे? ह्या प्रश्नाचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. कोणी म्हणेल की, हा केवळ शब्दांचा वाद आहे. भाकरी तर द्यावयाचीच, मग तिला कोणतेही नाव द्या, खाणाराच्या पोटात काय फरक पडतो? परंतु फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे. जी भाकरी दया म्हणून वाढली जाते ती खाताना मनुष्याची मान खाली जाते. आणि वाढणारा ती किती दिवस वाढावी हे आपल्या मर्जीवर ठेवितो. जी भाकरी देणे म्हणून वाढली जाते ती खाणारा ताठ बसून खातो, व वाढणाराला ती मधेच बंद करण्याचा अधिकार राहत नाही. तेव्हा शब्द लहान असला तरी त्यावर एका कुटुंबाचे सुखदुःख अवलंबून असते.

हा प्रसंग आपल्या लोकांवर एकदाच आला असे नाही. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा गिरण्यांतील कामगार मोठ्या संख्येने शहर सोडून कोकणात व देशावर आपापल्या गावी परतले. १९२९ साली अमेरिकेत सुरू झालेली महामंदी जगभर पसरली, तेव्हा मलायात रबराचा भाव कोसळला, आणि तेथील मळ्यांत राबणाऱ्या हजारो तमिळ मजुरांना जहाजांत बसवून मद्रास इलाख्यात परत पाठविण्यात आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला व त्यात सुमारे अडीच लाख कामगार पडले. तो संप यशस्वी झाला नाही. पुढे कित्येक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इत्यादी जिल्ह्यांतील ज्या घरांत दर महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येत असे, त्या घरांत आता खुद्द तो पाठविणाराच वळकटी घेऊन येऊन बसला.

आणि २०२० सालची गोष्ट तर आपणांपैकी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिली आहे. करोनाच्या साथीमुळे २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी झाली. कारखाने, बांधकामे, हॉटेले, दुकाने एका रात्रीत थांबली. रोजावर काम करणाराची मजुरी दुसऱ्या दिवशीच थांबली, पण खोलीचे भाडे थांबले नाही. शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर आणि पोट शहरात, अशी कित्येकांची स्थिती होती. मग माणसे चालू लागली. आपल्याकडचे एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात कोपींत अडकून पडले होते. त्यांना घरी जाण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. ८ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर थकून निजलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळची वाट धरून निघालेले लोक होते. त्या वर्षी एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. एप्रिल ते जून ह्या तीन महिन्यांत देशाचे एकंदर उत्पन्न मागील वर्षाच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घटले. म्हणजे रोग गेला तरी काम लगेच परत येणार नव्हते.

हे सर्व सांगण्याचा हेतू इतकाच की, परत येणे हा एका मनुष्याच्या नशिबाचा किंवा आळसाचा प्रकार नव्हे. भरभराटीच्या काळात शहर खेड्यातून हात बोलावून घेते, आणि मंदीच्या काळात तेच हात त्यांच्या पोटांसह खेड्याकडे परत पाठविते. काम असेपर्यंतचा नफा शहराकडे राहतो. काम नसतानाचा खर्च खेड्याच्या पदरी येतो. ही रीत न्यायाची नाही, आणि ख्रिस्ती मनुष्याने ती अन्यायाची आहे असे स्पष्ट म्हणावे. परंतु ती रीत बदलेपर्यंत दारात उभ्या असलेल्या भावाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. २०२० च्या मे महिन्यात आमच्या एका मंडळीत अशी काही कुटुंबे मुंबईहून आली. गावकऱ्यांनी वेशीवर बाभळीचे काटे टाकून रस्ता अडविला होता. कित्येक गावांनी तेव्हा तसेच केले. पुष्कळ बोलाचाली झाल्यावर त्या कुटुंबांना गावाबाहेरच्या शाळेत चौदा दिवस ठेविले. त्यांत एक गवंडी होता. त्याने अठरा वर्षे मुंबईत इमारतींवर काम केले होते. तो बायको व दोन मुले घेऊन आला आणि दिवस भरल्यावर भावाच्या घरी राहू लागला. त्या वर्षी नोव्हेंबरात आपल्या राज्यातील प्रार्थनामंदिरे पुन्हा उघडली, तेव्हा पहिल्याच रविवारी आम्ही उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर उपदेश केला. बाप कसा धावत गेला, त्याने मुलाला कसे जवळ घेतले, हे मोठ्या प्रेमाने सांगितले, व आपणही परत आलेल्यांस असेच जवळ घ्यावे असा बोध केला. उपदेश बरा झाला असे आम्हांस वाटले.

उपासना संपल्यावर त्या गवंड्याची म्हातारी आई दारापाशी थांबली. तिने सलाम केला व म्हटले, "पाळकसाहेब, एक इचारू का? माझ्या लेकानं काय उधळलं?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, "ह्या देवळावरचे पत्रे बघा. मुंबईच्या पोरांनी वर्गणी धाडली तवा पडले. त्यात त्याची दोन महिन्यांची कमाई हाय. त्यो डुकरामागं गेला न्हवता. कामाला गेला व्हता."

वाचकहो, त्या बाईने कोणाही धर्मपंडिताप्रमाणे शास्त्राचा अर्थ आमच्यापुढे ठेविला होता. उधळ्या पुत्राने आपला वाटा मागून घेतला, दूर देशी गेला व तेथे तो उडवून टाकला. त्याला मिळालेली क्षमा ही खरोखरच क्षमा होती, कारण क्षमा करण्यासारखे काही घडले होते. परंतु ज्याने काही उधळले नाही, उलट अठरा वर्षे घरी पाठविले, त्याला आम्ही व्यासपीठावरून उधळ्याच्या जागी उभे केले. आणि आपण सर्व, जे त्याच्या पैशाच्या छपराखाली बसलो होतो, ते दयाळू बापाच्या जागी जाऊन बसलो. निरपराध्याला क्षमा करणे हा त्याचा अपमान आहे, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी कळली.

त्या प्रसंगाला लागू पडणारी गोष्ट शास्त्रात दुसरी आहे. ती नामीची. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून ती नवरा व दोन मुले ह्यांसह मवाब देशात गेली. ते पाप नव्हते. भुकेने ते केले. तेथे नवरा वारला, पुढे दोन्ही मुले वारली, व सुमारे दहा वर्षांनी, मायदेशात पुन्हा भाकरी आहे असे ऐकून ती परत निघाली. गावात शिरताच बायका तिच्याकडे पाहून आश्चर्य करू लागल्या, तेव्हा तिने सांगितले की, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा; कारण मी भरलेली गेले व रिकामी आले. आता हे पाहा की, ती दुष्काळात गेली होती, म्हणजे तिची कणगी तेव्हाही रिकामीच होती. तिच्या भरलेपणाचा अर्थ माणसे असा होता. आणि हेही पाहा की, रिकामी आले असे ती म्हणत असताना रूथ तिच्या शेजारी उभी होती. त्या रूथेच्या वंशात पुढे दावीद राजा झाला, व तारणाऱ्याच्या वंशावळीत तिचे नाव आले. गावकऱ्यांस ती दिसली नाही. खुद्द नामीलाही त्या क्षणी तिचे मोल कळले नाही. परत आलेला भाऊ रिकाम्या हातांनी आला असे आपण म्हणतो, पण त्या हातांत अठरा वर्षांचे गवंडीकाम आहे, हे विसरतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दया की देणे? त्या म्हातारीच्या बोलण्यावरून प्रथम असे वाटते की, उत्तर देणे हेच आहे. ज्याने पाठविले त्याला परत मिळाले पाहिजे. भावाने घर बांधले ते त्याच्या पैशाने, बहिणीचे लग्न झाले ते त्याच्या उचलीवर, मंदिराचे पत्रे त्याच्या वर्गणीचे. ज्या घराने दहा वर्षे मनिऑर्डर घेतली, त्याने दहा महिन्यांच्या भाकरीचा हिशेब मांडणे लाजिरवाणे आहे. इतके तर परराष्ट्रीयांसही कळते.

परंतु येथेच थांबल्यास मोठी अडचण येते. जो मुंबईला गेला पण काही पाठवू शकला नाही, त्याचे काय? कोणी आजारी पडला, कोणाला मुकादमाने फसविले, कोणी खरोखरच दारूत गमावले. हिशेबाच्या वहीत त्यांच्या नावावर काही जमा नाही. देणे म्हणजे केवळ वहीतील देणे असेल, तर ह्यांना दारातून परत पाठवावे लागेल. आणि जे पाठवीत होते त्यांचीही जमा एक दिवस संपेल. मग दाखवावा का त्यांना रस्ता? म्हणून वहीतील देणे हे उत्तर खरे असले तरी पुरे नाही.

शास्त्र आपणांस ह्याहून खोल असे देणे दाखविते, आणि त्याचे नाव सरवा. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या मालकाला अशी आज्ञा आहे की, कापणी करताना शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, विसरलेली पेंढी आणण्यास मागे फिरू नये. ती गरीब, परदेशी, पोरकी व विधवा ह्यांच्यासाठी आहे. ह्यावर नीट विचार करा. तेथे मालकाला दयाळू हो असे सांगितलेले नाही. तो कोपरा मुळी त्याचा नाहीच. जमीन परमेश्वराची, आणि परमेश्वराने त्या शेताचा एक भाग आधीच दुसऱ्याच्या नावावर लिहून ठेविला आहे. सरवा वेचणाराला मालकाचे आभार मानावे लागत नाहीत, व त्याने पूर्वी काय पाठविले होते हेही कोणी विचारीत नाही. भूक हीच त्याची सनद. म्हणून परत आलेल्याला दिलेली भाकरी हे देणेच आहे. पण ते केवळ त्याचे आपल्याकडील देणे नसून आपले देवाकडील देणे आहे. देवाने त्याची वसुली करण्यास आपल्या ह्या भावाला नेमले आहे. ज्याने पाठविले त्याचा ह्यावर हक्क आहे, आणि ज्याला पाठविता आले नाही त्याचाही आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजूर अकराव्या तासापर्यंत बाजारात उभे होते ते आळसामुळे नव्हे, तर कोणी कामावर घेतले नाही म्हणून. आणि धन्याने मजुरी देताना त्यांच्या पोटाकडे पाहिले, तासांकडे नव्हे.

ह्यावर आमच्या मंडळ्यांतून तीन आक्षेप येतात. ते खोटे नाहीत. म्हणून त्यांस उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, आमच्याकडेच पुरेसे नाही. हे खरे आहे. परंतु आपल्या लोकांस थोड्यातून देण्याचा इतिहास नवा नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई-वडील गमाविले व भावाबरोबर उपाशीपोटी देशभर पायी प्रवास केला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली व विधवा आणल्या, व त्यांस आपल्याजवळ आश्रय दिला. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी अशा स्त्रियांस नुसते बसवून जेवू घातले नाही; विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग उभे केले. ज्याने उपाशी वाट चालली आहे त्याला वाटेवरच्या माणसाची ओळख लगेच पटते. आपल्या वाडवडिलांपैकी किती जण दुष्काळात मिशनच्या दारी आले होते, हे आपण विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, चांगल्या दिवसांत हे लोक आम्हांस विचारीत नव्हते. सणाला येत ते चष्मा लावून व नवे बूट घालून, आणि काम सुरू होताच पुन्हा निघून जातील. हेही काही अंशी खरे आहे. पण बेथलेहेमाच्या लोकांनी नामीला, तू दुष्काळात आम्हांस सोडून का गेलीस, असे विचारल्याचे शास्त्रात कोठे नाही. आणि तो पुन्हा जाईल म्हणून आज उपाशी ठेवणे हे कसले शहाणपण? जाणाराला शिदोरी देऊन पाठवावे. तो आपला कैदी नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, आणि तो घरमालकांचा नव्हे तर गरिबांचा आहे. ज्या वाडीत खुरपणीला दहा हात पुरतात तेथे पंचवीस आले, तर रोज कमी होतो. जो गाव सोडून कधी गेला नाही त्या भूमिहीन मजुराच्या तोंडचा घास परत आलेल्याच्या तोंडी जातो. व्यासपीठावरून दया करा म्हणणे सोपे. पण त्या दयेचा खर्च कोणाच्या पदरी पडतो? जमीनदाराला तर मजूर स्वस्त मिळाले म्हणून फायदाच होतो. हे पाहून आम्हांस पुष्कळ दिवस चैन पडले नाही, आणि ह्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. तथापि इतके निश्चित आहे की, सरव्याचा नियम शेतवाल्यास सांगितला होता, सरवा वेचणाऱ्यांस नव्हे. म्हणून ज्या ख्रिस्ती मनुष्याची पाच एकर जमीन आहे त्याने भाऊ अडला आहे असे पाहून रोज पाडू नये. गर्दीचा फायदा घेऊन मजुरी कमी करणे म्हणजे शेताचा कोपराच नव्हे, तर सरवा वेचणाराची टोपलीही कापून घेणे होय. आणि जुने व परत आलेले मजूर ह्यांनी एकमेकांशी स्पर्धा न करता पाळीपाळीने काम वाटून घ्यावे, व दोघांनी मिळून ग्रामपंचायतीकडे सार्वजनिक कामाची मागणी करावी. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात रोजगार हमीची कामे निघाली, आणि पुढे त्याचा कायदा झाला. काम मागणे ही भीक नव्हे हे तेव्हा महाराष्ट्राने मान्य केले. २०२० साली देशभर लाखो परतलेल्या कुटुंबांनी अशाच कामावर माती उचलून दिवस काढले.

आता उपदेशक बंधूंस व बायबलबाईंस दोन शब्द. परत आलेल्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात जावे, व जाऊन किती आणलेस, परत केव्हा जाणार, असे विचारू नये. तेथे काय काम करीत होतास, असे विचारावे. मग त्याचा चेहरा वर येईल. कामाची मागणी करावयाची ती लेखी करून द्यावी व तिची पोच घेण्यास शिकवावे. त्याची मुले शाळेत घातली की नाही हे पाहावे. त्याची वर्गणी थकली असल्यास ती मंडळीच्या सभेत वाचून दाखवू नये. बवाजाने आपल्या कापणारांस सांगितले होते की, त्या बाईला धमकावू नका, उलट मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाका. त्याने रूथेला पायली भरून दिली असती तरी ती घरी गेली असती. पण त्याने तिला वेचू दिले, कारण वेचलेल्या धान्यात तिचा श्रम होता. देण्याची रीत त्याच्याकडून शिकावी.

आणि जे परत आले आहेत त्या बंधुभगिनींस आम्ही प्रेमाने सांगतो की, हक्काने मिळालेली भाकरी हातावर हात ठेवून खाऊ नका. रूथ पहाटे शेतात गेली व संध्याकाळपर्यंत राबली. ज्यांनी तुम्हांस जागा दिली त्यांचीही कणगी भरलेली नाही, हे लक्षात ठेवा.

त्या गवंड्याची गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही मंडळीपुढे आमची चूक कबूल केली व रूथचे पुस्तक वाचले. पुढे मंडळीच्या पंचांनी ठरविले की, मंदिराची पश्चिमेकडची भिंत पावसाने खचली आहे, ती त्याच्याकडून बांधून घ्यावी व त्याला गवंड्याचा पुरा रोज द्यावा. एका पंचाने म्हटले की, तो मंडळीचाच आहे, अर्ध्या रोजात करील. दुसऱ्याने उत्तर दिले की, मंडळीचा आहे म्हणूनच पुरा द्यावयाचा. भिंत झाली. पुढच्या वर्षी काम सुरू झाल्यावर तो कुटुंबासह मुंबईला गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या आईने आम्हांस बोलावून भाकरी व भाजी वाढली. ती आम्ही त्या घरी देणे म्हणून खाल्ली की दया म्हणून, हे आम्हांस सांगता येत नाही. तिने ते विचारले नाही.

पुन्हा मंदी येईल व पुन्हा लोक परततील. त्या दिवशी आपल्या वेशीवर काटे नसावेत, आणि आपल्या शेतांचे कोपरे कापलेले नसावेत, अशी बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.